जमिनीत पुरलेले नळे

गोव्यात ‘नळे’ म्हटले की नजर वर जाते. मंगळुरी कौले घरोघर पोचण्यापूर्वी आमच्या छपरांवर कुंभाराच्या हातचे अर्धगोल नळे असत. जुन्या गोठ्यांवर अजूनही कुठे कुठे दिसतात. पाऊस अडवायचा आणि उतारावरून खाली घालवायचा, हे त्यांचे काम. हेच नळे कोणी शेतात चर खणून पुरायला निघाला तर आपण त्याला काय म्हणू? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ १८३८ साली एका शेतकऱ्याने तसे केले, तेव्हा त्याचे शेजारी म्हणू लागले की हा माणूस जमिनीत मडकी पुरतो आहे.

त्या माणसाकडे मी येणार आहेच. पण त्याच्यापर्यंत मी कसा पोचलो ते आधी सांगायला हवे, कारण मी काही शेतकीतला माणूस नव्हे. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी उमर गेली.

माझी धाकटी बहीण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात दिली आहे. भावोजींची जमीन काळी, कसदार, पीक उसाचे. पहिल्यांदा तिच्या सासरी गेलो तेव्हा उसात शिरलेला माणूस दिसत नसे. पंधरा-वीस वर्षांनी त्याच रानात दुपारच्या उन्हात पांढरे डाग चमकू लागले. रानाला मीठ फुटले, असे तिकडे म्हणतात. आम्हा गोवेकरांना शेतातले मीठ नवे नाही. खाजनाचा बांध फुटला किंवा मानशीचे दार कुजले की नदीचे खारे पाणी आत शिरते आणि शेत दोन-तीन वर्षे रुसून बसते. पण आमचे मीठ बाहेरून येते, बांध घातला की थांबते. शिरोळचे मीठ खालून येत होते. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिले, काळ्या जमिनीतून ते खाली निचरले नाही, भूजल चढत चढत मुळांपर्यंत आले. आणि दिव्याची वात जसे तेल ओढते तशी माती ते पाणी वर ओढू लागली. पाणी उन्हाने उडून जाते, त्यातले क्षार मात्र मागे राहतात.

हे दुखणे जुने आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, आणि १९१० साली हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या दोघांनी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे पाणी आल्यापासून अवघ्या पंचवीस वर्षांत.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीखाली चार-पाच फुटांवर, ठरावीक अंतराने, भोके पाडलेल्या नळ्यांच्या ओळी टाकायच्या आणि त्यांचे पाणी मोठ्या नळीतून ओढ्यात सोडायचे. पाऊस वरून पडतो, क्षार धुऊन खाली नेतो, आणि नळी त्यांना बाहेर काढते. शिरोळ भागात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने गणपतराव पाटील यांनी हे काम शेकडो शेतकऱ्यांना एकत्र आणून मोठ्या प्रमाणावर केले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. भावोजींनी मात्र त्याआधीच घाई केली. एक कंत्राटदार स्वस्तात आणि चार दिवसांत काम करून देतो म्हणाला. पोकलेन आला, चर खणला, पिवळ्या नळीची गुंडाळी उलगडली. मी तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत तिथेच होतो. भावोजींनी मला चराच्या तोंडाशी उभे केले आणि विचारले, “पाव्हणं, बघा की, सरळ हाय का?” मी एक डोळा मिटून पाहिले आणि सरळ आहे म्हणून सांगितले.

पहिल्या पावसात नळीतून पाणी धो-धो आले. दुसऱ्या वर्षी करंगळीएवढी धार उरली. तिसऱ्या वर्षी काहीच नाही. उकरून पाहिले तेव्हा मधल्या सत्तर-ऐंशी फुटांत नळीने पोट सोडले होते, म्हणजे खाली वाकली होती, आणि त्या पोटात गाळ बसून ती जवळजवळ बुजली होती. पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे तीन हंगाम गेले. बहीण मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

हिशेब असा आहे. तीनशे फूट लांबीच्या चरात नळीला हजारात दोन असा उतार द्यायचा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सात इंच फरक पडतो. सात इंच! चरात उतरलेल्या माणसाला तो दिसणे शक्यच नाही, मग वर उभ्या राहिलेल्या इतिहासाच्या मास्तराला कुठून दिसणार? त्यानंतर मी या विषयावरचे हाती लागेल ते वाचत सुटलो. माझी समजूत होती की हा इतिहास नळ्यांचा असेल, किंवा यंत्रांचा. वाचल्यावर लक्षात आले की दोनशे वर्षे माणसे त्या सात इंचांशीच झगडत आली आहेत.

सुरुवात इंग्लंडात करू. वॉरिकशायरमधल्या जोसेफ एल्किंग्टन नावाच्या शेतकऱ्याची मेंढरे ओलसर कुरणात चरून रोगाने मरत होती. १७६४ साली तो चर खणत असता त्याने लोखंडी पहार तळात खोल ठोकली, आणि ती उपसताच खालून पाणी उसळून वर आले. पाणी कुठे कोंडले आहे ते हेरून तिथेच वाट द्यायची, ही त्याची युक्ती. ब्रिटिश पार्लमेंटने १७९५ साली त्याला हजार पौंड बक्षीस दिले. पण झऱ्याचे पाणी वेगळे आणि चिकणमातीत मुरून बसलेले पावसाचे पाणी वेगळे. दुसऱ्याचा बंदोबस्त स्कॉटलंडात डीन्स्टन गावच्या जेम्स स्मिथने केला. हा गृहस्थ कापड गिरणीचा व्यवस्थापक. त्याने १८२३ पासून आपल्या शेतात समांतर चर काढले, त्यांत दगड भरून वर माती लोटली, आणि १८३१ साली त्यावर पुस्तिका लिहिली. संपूर्ण शेतभर सारख्या अंतरावर ओळी, ही आजही चालणारी मांडणी त्याची.

दगड नसतील तिथे नळे. इंग्लंडात विटा-कौलांवर कर होता. निचऱ्याच्या नळ्यांना तो १८२६ साली माफ झाला, अट एवढीच की नळ्यावर ‘ड्रेन’ असा ठसा हवा. हे नळे आपल्या छपरावरच्या नळ्यांचे सख्खे भाऊ होते. घोड्याच्या नालाच्या आकाराचा अर्धगोल, पालथा घालायचा, खाली सपाट फरशी. इंग्रजीत कौलालाही ‘टाईल’ आणि या नळीलाही ‘टाईल’ म्हणतात ते त्यामुळेच. आज नळी प्लास्टिकची झाली तरी अमेरिकेतला शेतकरी शेतात टाईल घातली असेच म्हणतो.

पुढे १८४३ साली डर्बीच्या कृषी प्रदर्शनात जॉन रीड नावाच्या माळ्याने गोल, पूर्ण बंद नळी मांडली आणि रौप्यपदक मिळवले. ओल्या मातीची पोळी लाकडी दांड्याभोवती गुंडाळून तो ती बनवी. दोनच वर्षांत, १८४५ साली, चेशायरच्या टॉमस स्क्रॅगने मातीची नळी दाबून काढणारे यंत्र आणले. आपल्या घरच्या शेवेच्या सोऱ्याचेच ते मोठे भावंड: पोटात माती, मागून दट्ट्या, पुढच्या साच्यातून नळी बाहेर, तारेने तुकडे. नळ्या एकदम स्वस्त झाल्या. १८४६ साली धान्यावरचे संरक्षक कायदे उठले, तेव्हा जमीनदारांची समजूत घालण्यासाठी सरकारने निचऱ्याकरिता वीस लाख पौंड कर्जाऊ देण्याचा कायदा केला. यंत्र आणि पैसा असे एकत्र आले.

राहिला चर. तो माणूसच खणत होता, आणि इथे मला त्या अनाम खोदणाऱ्यांची हत्यारे फार आवडली. चार फूट खोल चर, वर दीड फूट रुंद आणि तळाशी फक्त नळी मावेल इतका, चारेक इंच. एवढ्या चिंचोळ्या तळात माणसाचे पाऊल मावत नाही, म्हणून कुदळीपाठोपाठ एकीपेक्षा एक अरुंद आणि लांबट अशी दोन-तीन फावडी. शेवटी हंसाच्या मानेसारखी वाकवलेली लांब दांड्याची पळी. वर उभे राहून तळातली माती तिने ओढून घ्यायची. नळीही हाताने ठेवायची नाही. काठीला काटकोनात लोखंडी बोट बसवलेले असे, त्यात नळी ओवायची आणि अलगद खाली उतरवायची. फूटभर लांबीच्या नळ्या एकमेकींना टेकवत जायचे, त्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरते. चर अरुंद ठेवण्याचे कारण नुसते मजुरी वाचवणे नव्हे. तळ पावलांनी तुडवला नाही तर घट्ट राहतो आणि नळी खचत नाही. पोकलेनच्या रुंद बादलीने खणलेला, पुन्हा माती लोटून भरलेला तळ आठवून माझ्या पोटात कालवले.

उतारासाठी त्यांच्याकडे तीन दांडे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर आडवी फळी, सगळ्यांची उंची सारखी. एक दांडा चराच्या या टोकाला, एक त्या टोकाला, दोन्ही पाणसळीने मापून पक्के केलेले. तिसरा मधे कुठेही तळावर उभा करायचा आणि पहिल्याच्या फळीवरून तिसऱ्याकडे पाहायचे. मधली फळी वर डोकावली तर तळ उंच, बुडाली तर तळ खोल. साध्या तीन काठ्या. त्या मे महिन्यात माझ्याजवळ असत्या तर!

आता यंत्रे. जॉन फाउलर नावाचा तरुण १८४९ साली आयर्लंडात गेला आणि बटाट्याच्या दुष्काळात माणसे कशी मरतात ते त्याने पाहिले. निचरा स्वस्त झाला तर पडीक जमीन पिकेल, धान्य स्वस्त होईल, या ध्यासाने त्याने नांगर बनवला. उभे पाते, त्याच्या तळाशी टोकदार लोखंडी ठोकळा, आणि ठोकळ्याला मागे दोर बांधून त्यात माळेसारख्या ओवलेल्या नळ्या. शेताच्या दुसऱ्या टोकाला घोडे रहाट फिरवीत, दोर ओढला जाई, आणि नांगर जमीन न उकरता पोटातून नळ्यांची माळ ओढत नेई. १८५० साली एक्झिटरच्या प्रदर्शनात लोक थक्क झाले. पण त्यात एक खोड होती. नांगर जमिनीच्या पृष्ठभागावरून चाले, त्यामुळे वर जो उंचवटा तोच खाली, वर जो खळगा तोच खाली. नळीने पोट सोडलेच. फाउलरने वर्षभरात पाते खाली-वर करणारा स्क्रू बसवला. चालक तो फिरवत राही. १८५४ पर्यंत घोड्यांच्या जागी वाफेचे एंजिन आले. पुढे तो वाफेच्या नांगरटीकडे वळला, नाव झाले, आणि १८६४ साली अवघ्या अडतिसाव्या वर्षी शिकारीतल्या अपघाताने गेला.

आणि आता तो मडकी पुरणारा. जॉन जॉन्स्टन मूळचा स्कॉटलंडचा, १८२१ साली अमेरिकेत आला. सेनेका सरोवराकाठची त्याची चिकण जमीन गव्हाला साथ देईना. १८३५ साली त्याने स्कॉटलंडहून नमुन्याचे नळे मागवले आणि गावातल्या कुंभाराकडून तसे हाताने घडवून घेतले. १८३८ पासून ते पुरायला लागला. लोक हसले, मग त्याचा गहू पाहून गप्प झाले. १८४८ साली त्याच भागात जॉन डेलाफिल्डने इंग्लंडहून स्क्रॅगचे यंत्र आणवले. जॉन्स्टनने आपल्या ३२० एकरांत मिळून ७२ मैल ओळी टाकल्या. फूटभर लांबीचा एक नळा धरला तर ही संख्या तीन लाखांच्या वर जाते, आणि प्रत्येक नळा हाताने खणलेल्या चरात बसवलेला. त्याच्या घरात आता निचऱ्याच्या नळ्यांचे संग्रहालय आहे.

पण तीनशे वीस एकर निराळे आणि अख्खा मुलूख निराळा. ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात इरी सरोवराच्या टोकाशी ‘काळी दलदल’ म्हणून सुमारे पंधराशे चौरस मैलांचा प्रदेश होता. जुन्या हिमयुगातल्या सरोवराचा सपाट, चिकण तळ. पाण्याला जायला वाटच नाही. हिवताप घरोघर. दलदलीतून जाणाऱ्या एकतीस मैलांच्या एका रस्त्यावर एकतीस खाणावळी होत्या असे सांगतात, कारण दिवसाकाठी गाडी मैलभरच सरके. मूळ रहिवासी ओटावा लोकांकडून हा मुलूख १८१७ च्या तहाने काढून घेतला गेला आणि पुढे १८३० च्या दशकात त्यांना पश्चिमेकडे हाकलले. निचऱ्याच्या गौरवकथा लिहिणारे हे वाक्य बहुधा गाळतात, म्हणून मी मुद्दाम लिहितो.

इथे यंत्राआधी कायदा आला, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. एकट्याने नळ्या घालून काय होणार? पाणी शेवटी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन थांबते. ओहायोने १८५९ साली कायदा करून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना खाजगी शेतांतून मोठे चर काढण्याची आणि ज्यांना फायदा होईल त्यांच्याकडून खर्च वसूल करण्याची मुभा दिली. गावाने मिळून बांध राखणे, मानस सांभाळणे, त्याचा भार वाटून घेणे हे गोव्याच्या गांवकरीने कितीतरी आधी केले होते. ओहायोला ते सरकारी हुकुमाने करावे लागले. मोठे चर झाले, गावोगाव नळ्यांच्या भट्ट्या पेटल्या, आणि खोदणारे हात कमी पडू लागले.

तेव्हा बोलिंग ग्रीनच्या जेम्स हिलने १८९२ साली वाफेवर चालणारे चर-यंत्र बनवले. ‘बकाय’ हे त्याचे नाव. मागे मोठे चाक, चाकाच्या धावेवर बादल्या. चाक फिरे, बादल्या माती उचलत, पट्टा ती बाजूला टाकी, आणि एकाच फेरीत पूर्ण खोलीचा, सरळ भिंतींचा चर मागे उरे. बरीच माणसे दिवसभर खपत ते काम हे यंत्र करी. याची खरी करामत मात्र बादल्यांत नव्हती. शेतात आधी ठरावीक अंतरावर काठ्या उभ्या करून त्यांवर आडव्या फळ्या हव्या त्या उताराने बांधत. यंत्रावर एक नेम धरायची पट्टी असे. चालक त्या पट्टीवरून समोरच्या फळ्यांच्या रांगेकडे पाहत राही आणि नेम हलला की चाक वर-खाली करी. म्हणजे त्याच तीन काठ्या, फक्त आता एक काठी यंत्रावर चढली होती. १९०२ सालचे एक बकाय यंत्र फिंडले गावच्या संग्रहालयात जपले आहे. अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ साली त्याला ऐतिहासिक ठेवा ठरवले.

त्यानंतर साठ-सत्तर वर्षे फारसे बदलले नाही. एंजिन वाफेचे जाऊन तेलाचे आले, नळा मातीचाच राहिला. मग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहायोतच सरकारी संशोधक जेम्स फाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली. एक, वळ्या पाडलेली, भोके असलेली प्लास्टिकची नळी. शेकडो फुटांची गुंडाळी एकटा माणूस हाताळू शके. दुसरी, लेझर. शेतात तिवईवर फिरणारा किरण अदृश्य कलते छत पसरतो, नांगरावरचा डोळा ते छत शोधत राहतो, आणि नांगर जरा वर-खाली झाला की तेलाच्या दाबावर चालणारा दांडा त्याला जागेवर आणतो. फाउलर ज्यासाठी स्क्रू फिरवत होता ते काम आता आपोआप होऊ लागले, आणि शंभराहून अधिक वर्षे मागे पडलेला त्याचा नांगर पुन्हा शेतात आला. आता तर लेझरच्या जागी उपग्रह आहेत.

मग आज यंत्र कुठले घ्यावे? नांगर सर्वांत वेगवान. पण नळी जमिनीत गेलेली डोळ्याला दिसत नाही, सगळा भरवसा उतार धरणाऱ्या यंत्रणेवर. दगड लागला की पाते उचलले जाते, आणि चालकाने घाई केली की दुरुस्ती होण्याआधीच चार हात पुढे गेलेले असते. साखळीचे किंवा चाकाचे चर-यंत्र सावकाश चालते, पण तळ स्वच्छ, अरुंद देते आणि नळी झाकण्यापूर्वी पाहता येते. हरियाणात १९९० च्या दशकात नेदरलँड्सच्या साहाय्याने झालेल्या कामात अशीच मोठी यंत्रे आली होती. पोकलेन सर्वांत सोयीचा, सांधे जोडायला आणि ओढ्याकडचे तोंड बांधायला तर लागतोच, पण उतार त्याच्या हातात नसतो. तो बाहेरून, दर थोड्या अंतरावर मोजून द्यावा लागतो. दोन-चार एकरांच्या आमच्याकडच्या तुकड्यांत मोठे यंत्र फिरायलाच जागा नाही, म्हणून पोकलेन. मला त्यात काही गैर वाटत नाही. गैर होते ते मोजमापाशिवाय पोकलेन.

काम कुठल्याही यंत्राने करा, खालच्या तोंडापासून वर चढत जायचे, म्हणजे चरातले पाणी कामाआड येत नाही. बारीक रेतीत नळीभोवती गाळणी हवी. हॉलंडमध्ये त्यासाठी नारळाचा काथ्या गुंडाळत. आमच्या माडाची सोडणे तिकडच्या दलदलीत गाडली गेली असतील हे वाचून मला उगाच बरे वाटले.

काळ्या दलदलीची गोष्ट तिथे संपत नाही. आज तिथे मका-सोयाबीनची सपाट शेते आहेत आणि त्यांच्या पोटात नळ्यांचे जाळे. त्या नळ्यांतून पाण्याबरोबर खतातले विरघळलेले फॉस्फरसही मॉमी नदीत आणि तिथून इरी सरोवरात जाते, त्यावर विषारी शेवाळ माजते. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. जवळपास तीन दिवस. यावर शोधलेला एक उपाय असा: नळ्यांच्या तोंडाशी उभी पेटी बसवायची आणि तिच्यात एकावर एक फळ्या सरकवायच्या. पेरणी-कापणीला फळ्या काढून पाणी सोडायचे, एरवी फळ्या घालून जमिनीतच अडवायचे. त्या पेटीचे चित्र मी आमच्या गावच्या मानसकाराला दाखवले. त्याने चष्मा पुसून ते नीट पाहिले आणि फळी कुठल्या लाकडाची घालतात म्हणून विचारले.

शिरोळच्या रानात दुसऱ्यांदा काम काढले ते पुढच्या उन्हाळ्यात, शेजारच्या सहा शेतकऱ्यांसह, ओढ्यापर्यंत सामाईक मोठी नळी टाकून. पोकलेन तसाच होता. पण या वेळी दुर्बीण लावून बसलेला एक पोरसवदा मोजणीदार होता, दर दहा फुटांवर पट्टी धरायला माणूस होता, आणि तळ हाताने सारखा केल्याशिवाय नळी टाकायची नाही असे ठरले होते. चार दिवसांचे काम बारा दिवस चालले. भावोजींनी मला सवयीने विचारले, “पाव्हणं, सरळ हाय का?” मी दुर्बिणीवाल्या पोराकडे बोट दाखवले.

त्या वर्षीच्या श्रावणात मी गेलो तेव्हा ओढ्याच्या काठाला नळीचे तोंड वाहत होते. हे पाणी कृष्णेत जाणार, आणि खाली कोणाच्या तरी रानात चढणार, हा विचार माझ्या मनात आला. भावोजींना तो बोलून दाखवला नाही. ते उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि मलाही चाखायला लावले. खारट होते.